राखीव

पंचाहत्तर साली टी-पट्टी लावून
मी वाशीवर रेघा मारत होतो.
ही शाळा, हा बाजार, हे मैदान,
दर तीन गल्ल्यांमागे एक बालवाडी.
ऑफिसात सगळ्यात वयस्क आमचे साहेब,
वय एकेचाळीस.
नकाशात माणसं दाखवायला आम्ही टिंबं काढायचो.
टिंबांना गुडघे नसतात.

दवाखान्याला एक चौकोन दिला.
शेजारचा तुकडा तिरक्या रेघांनी भरला
आणि खाली लिहिलं, माझंच अक्षर ते,
पुढील वाढीसाठी राखीव.

आज मी त्या चौकोनाच्या आत आहे.
पॅसेज आठ फूट. मोजायची सवय जात नाही.
दोन्ही भिंतींना सव्वादोन फुटी स्ट्रेचर,
मधे सलाइनचा स्टँड, उरल्या जागेत चपला
आणि डब्यावर डोकं टेकून झोपलेली कुणाची तरी सून.
सुलभा तिसऱ्या स्ट्रेचरवर. ऑक्सिजन सत्याऐंशी.
"बेड नाही काका, झाला की सांगते," सिस्टर म्हणते.
झाला की.
जसा काही बेड झाडाला लागतो.

पलीकडच्या काचेच्या हॉस्पिटलात आहे म्हणे.
डिपॉझिट दीड लाख, रात्री रोख.
विम्याचा हप्ता आम्ही दोन वर्षांपूर्वी सोडला,
माझ्या पेन्शनपेक्षा तो वेगानं म्हातारा होत होता.
तिरक्या रेघांवर आता चोवीस मजले आहेत,
पायथ्याशी पोहण्याचा तलाव.
खिडकीतून दिसतो. रात्रभर दिवे, पाण्यात कुणी नाही.

आमच्या सोसायटीत एकवीस घरं, अठ्ठावीस म्हातारे.
मुलं टोरांटोला, हिंजवडीला.
लिफ्टच्या दारावर ऑक्सिजनवाल्याचा नंबर.
कोपऱ्यावरच्या बालवाडीत आता फिजिओथेरपी चालते,
नळ मात्र तोच, मुलांच्या उंचीचा;
हात धुवायला वाकताना
सगळे एकमेकांना "सावकाश" म्हणतात.

रिकामं स्टूल एकच होतं, वॉर्डाच्या दारात,
एकोणीस नंबरच्या उशाशी.
एकोणीसवर तुळशीराम घरत, जुहूगावचे.
"हितंच बांध होता आमचा," ते म्हणाले,
आणि पायानं चादरीखाली दाखवलं, कुठून कुठे.
साडेबारा टक्क्यांतला प्लॉट मिळाला, पोरानं चार मजले चढवले.
"चौथा गेला माझ्या बायपासला.
तिसरा हिच्या कॅन्सरला, ती पण गेली.
दुसरा आता हे मशीन खातंय, आठवड्याला तीनदा.
पहिल्यावर भाडेकरू. खालचा नातवाचा,
त्याला हात नाय लावायचा."
दम लागला. मी पाण्याची बाटली धरली.
"तुमी काय करायचात?"
ऑफिसात होतो, म्हटलं.
कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही.

पहाटे चारच्या सुमारास त्यांचा मुलगा आला,
खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभा राहिला.
स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहे.
सिस्टरनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा गप्प झाली.
तुळशीराम छताकडे बघत म्हणाले,
"पोरा, पुरे."
मुलाचं पेन उठेना. त्यानं ते झटकलं, तळव्यावर घासलं.
माझ्या खिशात असतं नेहमी.
मी दिलं.

मग चादर झटकल्याचा आवाज.
"काका, झाला बेड."
वॉर्डबॉयनं खांदे धरले, मी पाय.
साडेसहा बाय तीन, भिंतीपासून नऊ इंच.
गादी अजून कोमट होती.
सुलभानं विचारलं, "कुणाची जागा ही?"
मास्कमधून नीट ऐकू आलं नाही,
असं मी दाखवलं.

बाहेर तिचं स्ट्रेचर भिंतीला लागलंही नव्हतं,
तोवर त्यावर कुणीतरी आपल्या आईला टेकवलं होतं.
रिक्षा सुरू झाली.
पेन त्या मुलाच्या खिशात गेलं.
मी जिन्यापर्यंत गेलो,
आणि मागितलं नाही.